गुण

काकाच्या वेल्डिंगच्या दुकानातून
दोनशे दहा रुपये उचलून निघालो तेव्हा मी तेरा वर्षांचा,
आणि परभणीच्या स्टँडवर
पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, जेवलास का रे उत्रेश्वर.
नाव मीच सांगितलं होतं, दोन मिनिटांपूर्वी.
तरी गेलो त्यांच्याबरोबर.

एक महाराज. नाव गावागणिक बदलायचं,
चाकुरात सदानंद, शिरूर ताजबंदला विश्वंभर.
दुसरा कंपाउंडर, त्याला नावच नव्हतं,
एक पत्र्याची पेटी होती आणि खोकला.
माझं काम सोपं: मुकं राहायचं.
तीन बाजार राहिलो.
भाकर, वर लोणच्याची फोड,
रात्री एस्टीच्या मागच्या सीटवर महाराजाची शाल.
खोटं बोलायचं नव्हतं, बोलायचंच नव्हतं,
मग पाप कसलं, असा माझा हिशेब.

हंडरगुळीच्या बाजारात, बैलांच्या दावणीपलीकडं
लिंबाखाली सतरंजी पडली.
सोजरबाई आली नातीला घेऊन.
शेवंता. माझ्याच वयाची. खरोखरची मुकी.
तिनं माझ्याकडं बघून बोटांनी काहीतरी विचारलं.
मला कळलं नाही.
आणि तिला कळलं.

महाराज म्हणाला, अंगाऱ्याला गुण आहे, आई,
पण आधी गळ्यातलं सोनं उतरावं लागतं.
सोजरबाईचे हात मानेमागं गेले.
बोटं सांध्यांत वाकलेली, बोरमाळेची गाठ सुटेना.
मलाच म्हणाली, लेकरा, जरा सोड की.

गाठ माझ्या नखाखाली होती,
तेलकट, मऊ, चाळीस वर्षांच्या घामाची.
आणि तोंडातून निघून गेलं,
आजी, देऊ नको. खोटं हाय समदं.

मुकं पोरगं बोलालंय!
कोण ओरडलं कुणास ठाऊक.
बोलालंय की रे, मुकं बोलालंय!
माणसं महाराजाच्या पायावर, नारळ फुटला,
पुड्या संपल्या, राख कमी पडली
ती कंपाउंडरनं हॉटेलच्या भट्टीतनं आणली.
मी ओरडत होतो, खोटं, खोटं,
जितका ओरडलो तितका गुण वाढत गेला.
सोजरबाईनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली
आणि बोरमाळ स्वतःच हिसडून तोडली.

रात्री उदगीरच्या स्टँडवर महाराजानं पाठ थोपटली.
शिकवून जमलं नसतं असं, म्हणाला.
शंभराची नोट दिली. घेतली मी.
हे सांगितलं पाहिजे. घेतली,
चहा प्यालो, वर क्रीमरोल खाल्ला.

मग खोकल्याची उबळ ओसरून
कंपाउंडर घोरायला लागेपर्यंत जागा राहिलो.

पहाटे दुधाच्या रिकाम्या कॅनांमध्ये बसून
टेम्पोतनं परत आलो.
बोलता येत होतं, त्यामुळं घर विचारता आलं.
दार शेवंतानं उघडलं.
रुमाल तिच्या हातात दिला. तिनं मणी मोजले,
पुन्हा मोजले. दोन बोटं वर केली.
दोन कमी होते.
ते मी घेतले नव्हते.
हे कसं सांगायचं, ते मला येत नव्हतं.

हवेत बोटं हलवली काहीतरी,
मनानं रचलेली, चुकीचीच असणार.
ती बघत राहिली.
मग माझं मधलं बोट धरलं
आणि थोडं वाकवून नीट केलं.

आत म्हातारी कुणाला तरी हाक मारत होती.
मी निघालो. शंभरातले उरलेले खिशातच.
तो शब्द कोणता होता,
अजून माहीत नाही.
बोट मात्र अधूनमधून वाकवून बघतो.