चुंबळ

पहाटे छोटी चौकी उघडते
तेव्हा ज्वालामुखीच्या तोंडावर अजून तांबडा उजेड असतो,
आणि आम्ही डोक्यावर ओझं घेऊन
एकमेकींच्या देशात शिरतो.
मी गोमातून पामतेल घेऊन,
मुकांडोली गिसेन्यीहून टोमॅटो घेऊन.
मान हलवता येत नाही,
म्हणून ओळख डोळ्यांनीच.

पहिली तीन वर्षं तेवढीही नव्हती.
माझा भाऊ ज्या डोंगरात गेला
तिकडे तिच्या देशाच्या तोफा होत्या, असं म्हणतात.
तिच्या आईचं घर कुणी जाळलं, त्याबद्दलही
म्हणतातच.
आम्ही विचारलं नाही.
टोमॅटो मऊ होते, ऊन चढत होतं.

मग एका मंगळवारी
शिपायाने तिचं घमेलं लाथेने उलटवलं.
त्याच्या तळहाताला तिची नोट लहान वाटली होती.
काळ्या लाव्हाच्या खडीवरून टोमॅटो घरंगळत
रेघ ओलांडून
माझ्या पायाशी आले.
मी तेलाचा डबा खाली ठेवला.
(डबा खाली ठेवला की पुन्हा चढवायला दुसरी बाई लागते,
हे आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक.)
वेचता वेचता तिची चुंबळही सापडली,
केळीच्या वाळल्या सोपटाची, घट्ट वळलेली.
"तुझी न्गाता," मी म्हणाले.
"इंगाता," ती म्हणाली.
एवढी तार, एवढे शिक्के, एवढ्या बंदुका,
आणि सीमेला अडवून ठेवता आला
तो फक्त एक इ.

वही ही तिची कल्पना.
तिच्या मुलाची, गणिताची, पाठीमागे पाढे छापलेली.
कुणी किती उकळले, कुठल्या दिवशी, कुठल्या खिडकीपाशी.
दोन प्रती: एक तिकडे, एक इकडे.
लिहिता न येणाऱ्यांसाठी खुणा ठरवल्या.
पाटीभर मालाला गोल,
नोटेला आडवी रेघ,
थपडेला पाच बोटं, ते सोपं.
मग न्सिमिरे उठली.
म्हणाली, मला आतल्या खोलीत नेलं होतं.
त्याची खूण काय?

तळ्याकडून माशांचा वास येत होता.
बिस्किटांच्या खोक्यावर पेन्सिल होती,
कुणी उचलेना.
शेवटी तिनेच उचलली
आणि पानाचा कोपरा
इतका गिरवला, इतका गिरवला
की कागद फाटला.
मुकांडोलीने आपल्या वहीतलं तेच पान काढलं
आणि तोच कोपरा
फाडला.

जूनमध्ये सीमा बंद झाली.
रेडिओवर दोन्ही देश एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.
गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता तरी
त्या बाईचं नाव टाक.
टाकलं नाही.
छातीठोकपणे वगैरे नाही, भीत भीतच,
वही पिठाच्या पिंपात पुरून.

अकरा आठवड्यांनी
दोन्हीकडचे साहेब एका टेबलाशी बसले,
म्हणाले, बायकांच्या ऐकीव गोष्टी, पुरावा कुठाय?
तेव्हा आम्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.
माझीतून पीठ सांडलं.
तारखेला तारीख. रेघेला रेघ.
कोपऱ्याला कोपरा.
तिथे दुभाषा पोरगा थांबला,
विचारलं, हे काय आहे?
न्सिमिरेने सांगितलं, मोठ्याने, दोन्ही भाषांत.
दुभाष्याला काही काम उरलं नाही.

फार काही झालं नाही.
दोन शिपाई बदलून गेले.
दरांचा एक फलक लागला, तोही आता पुसट झालाय.
न्सिमिरे अजून मोठ्या चौकीने जाते, लांबून.

काल मात्र रांगेत
माझा डबा कलंडला, खाली घ्यावा लागला.
मुकांडोली दिसेना.
मागून एक अनोळखी पोरगी आली,
कुठल्या बाजूची, कळलं नाही;
आधी माझी चुंबळ नीट केली,
मग डब्याला हात लावून मोजायला लागली.
एक, दोन.
तीन कुठल्या भाषेत म्हणाली ते ऐकू आलं नाही.
तोवर ओझं वर गेलं होतं.