पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो,
हे मला फेरीबोटीवरच्या एका तिकीटवाल्याने
सुट्टे पैसे परत देता देता शिकवलं होतं.
आज षष्ठी. साडेचारला भरती,
म्हणजे साडेदहाला खडक उघडे.
रजेच्या अर्जावर कारण लिहिलं : घरगुती.

आठला पाळोळ्याला उतरले.
पाऊस नुकताच संपलेला,
शॅकवाले बांबू उभे करत होते,
करवतीचा आवाज, ओल्या माडपानांचा वास,
एक पोरगा खांबाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उभा राहून
फोनवर कुणाशी तरी भांडत होता.

एक तपकिरी कुत्रा बरोबर निघाला.
दक्षिणेच्या टोकाशी, जिथे वाळू संपते,
तिथे थांबला. पुढचे खडक दुसऱ्या कुत्र्यांचे.
मागे वळून पाहिलं तेव्हा
तो माझ्याच पावलांचा वास घेत परत चालला होता.

कोळंबचे खडक काळे,
त्यांच्यावर कालवांचे कवच चिकटलेले,
हात टेकला की हात कापतो.
दोन बायका हातोडी आणि वाकड्या सुरीने कालवं काढत होत्या,
टकटक, मग थोडी शांतता, मग डब्यात थेंबासारखा आवाज.
मी विचारलं, पाटण्याला इथूनच जायचं ना?
एकीने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि नुसतीच हसली.

हसली ते बरोबरच होतं.
पुढच्या तीनच खडकांवर
डाव्या बुटाचा तळवा उघडला,
टाचेपासून बोटांपर्यंत, भुकेल्या माशासारखा.
पाऊल उचललं की तो एक क्षण मागे राहायचा
आणि मग चपराक मारून यायचा.

होडीच्या सावलीत जाळं विणत
कुष्टा पागी बसला होता.
मी काही मागायच्या आधीच त्याने हात पुढे केला.
बूट मांडीवर घेतला, आतली वाळू झटकली,
निळा नायलॉनचा दोरा दातांनी तोडला
आणि विणायला लागला, जाळं विणतात तसाच,
तळव्याखालून, वरून, परत खालून.
घाई नव्हती त्याला. मला होती.
साडेदहा झाले. अकरा. त्याची बिडी विझली,
त्याने पेटवली, परत विझली.

"साडेचारला भरती आहे ना," मी म्हटलं,
षष्ठी, पाऊणपट, सगळा हिशेब सांगितला.
त्याने मान वर न करता ऐकला.
मग दोऱ्याच्या टोकाने समोरचा एक बुटका खडक दाखवला.
त्याच्या खोबणीत पाणी चढत होतं.
"तीथ सारकी. वारो चुकला."

तर मग रावलेच.
पुढची वाट बंद, मागची अर्धी.
त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि तिखट सुकट
आम्ही दोघांनी न बोलता खाल्ली.
लाटा खडकांच्या पोटात शिरून
रिकाम्या घागरीसारख्या घुमत होत्या.
इतका वेळ मी कुठेच गेले नव्हते
आणि कुणी माझी वाट पाहत नव्हतं,
हे दुपारी दोनला लक्षात आलं
आणि त्याचं विशेष काही वाटलं नाही.

पाणी उतरलं तेव्हा उन्हं कलली होती.
"गांठ सोडूं नाकात," एवढंच म्हणाला.
पैसे घेतले नाहीत, उरलेला दोरा मात्र
बोटाला गुंडाळून परत खिशात ठेवला.

पाटणे. मग टेकडीचा खडबडीत उतार, लाल जांभा,
राजबागची लांब रिकामी वाळू,
आणि शेवटी तळपणची नदी, आडवी.
पलीकडे गालजीबागचे सुरू काळवंडत होते.
होडीवाला आपली होडी बांधून घरी गेला होता.
मी काठावर बसून पलीकडे पाहिलं, 
अंधार पडेपर्यंत, आणि बस पकडली.

काल फोंड्यात चांभाराकडे बूट नेला.
त्याने उलटापालटा केला, गाठी मोजल्या,
कातरी उचलली, खाली ठेवली.
"हें कोणें केलां?"
सांगायला गेले तर फार लांब झालं असतं.
म्हटलं, उजव्यालाच तेवढा गोंद लावा,
डाव्याला राहू द्या.