कलम चारचा मजकूर

बेलीफ आला तेव्हा मी जुनी गादी उसवत होते.
मांडीवर कापूस, भुवयांवर कापूस.
त्याने नाव वाचलं तेव्हा माझंच असून
मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.
मेहमूदा गनी पिंजारी, प्रतिवादी.
"अंगठा की सही?"
सही, म्हटलं,
आणि ओल्या शाईवर रुई चिकटली.

वादी निंबा दगडू बाविस्कर,
लॉजमालक, स्टेशन रोड, अमळनेर.
वीस गाद्या, अकरा हजार सातशे, वर बारा टक्के व्याज.
हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी.
हा एकच शब्द मला आपोआप कळला:
एकाच अंगाने पिंजलेली गादी
अशीच कुशीवर कलते.

शेजारची वेणूबाई म्हणाली,
"जाऊच नको वं बाई, कागद भेटनाच नही म्हन."
भाचा म्हणाला, तीस दिवस आहेत, मावशी.
उत्तर दे. गप्प बसलीस तर तेच तुझं उत्तर धरतील.

कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली,
पुंजाराम आप्पांचं टाइपरायटर. चाळीस रुपये पान.
वकील?
नाही.
स्वतःच?
स्वतःच.
त्यांनी चष्मा पुसला, कार्बन लावला, आणि मला न विचारता सुरू केलं:
कलम १ चा मजकूर बरोबर आहे.
कलम २ चा मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस नाकबूल.
कलम ३, नाकबूल.
कलम ४, गाद्यांमध्ये जुना कापूस भरला हे म्हणणे
आणि बोट 'ना'वर.

थांबा, आप्पा.

सतरा गाद्या नव्या रुईच्या.
तीन नाहीत.
त्या आठवड्यात पोरीची नर्सिंगची फी होती,
कोपऱ्यात उसवलेल्या गाद्यांचा ढीग होता,
आणि रात्री कोण बघतंय.
आप्पा म्हणाले, बाई, इथं दोनच शब्द चालतात.
मधलं जे असतं ते लोक घरी ठेवून येतात.
माझ्या घरी जागा नाही, म्हटलं. कापसाने भरलंय.

त्यांनी पान ओढून काढलं, दुसरं चढवलं.
सतरा गाद्यांबाबत नाकबूल.
तीन गाद्यांबाबत कबूल.
पहिल्या पानाचे पैसे घेतले नाहीत,
दुसऱ्याचे मात्र मोजून घेतले.

तारखेला पट्टेवाल्याने पुकारा केला,
"मेहमूदा गनी पिंजारी हाऽजिर हो!"
गनीचं नाव
आठ वर्षांत कुणी इतक्या मोठ्याने घेतलं नव्हतं.
व्हरांड्यात मी जरा रेंगाळले.

बाविस्करने पुरावा म्हणून दोन गाद्या हातगाडीवर आणल्या होत्या.
जज्जबाई, माझ्या पोरीहून चार वर्षांनी मोठ्या असतील,
म्हणाल्या, दाखवा.
पहिलीवर मी तळवा दाबला.
ही माझी नाही, साहेब. हा मशीनचा टाका आहे,
माझा सुईचा, दर चौथा जरा डावीकडे जातो.
बाविस्कर छताच्या पंख्याकडे पाहू लागला.
दुसरीवर तळवा दाबला.
गाठी हाताला लागल्या, एकेक ओळखीची.
ही माझी.
वाईट आहे.

कोर्टात कुणी हसलं नाही. कुणी पान उलटलं फक्त.

तडजोड पुरसिस झाली. तीन गाद्या नव्याने भरून द्यायच्या,
व्याज सोडायचं, खर्च ज्याचा त्याने सोसायचा.
सही करताना बाविस्करने हळूच विचारलं,
उशा पण करता का?
मी उत्तर दिलं नाही. तेवढ्याला तीस दिवस नसतात.

तिन्ही भरल्या. शेवटचा टाका गुरुवारी, वीज गेल्यावर.
म्हणण्याची कार्बन प्रत सुयांच्या डब्यात ठेवली आहे.
आप्पांचं मशीन जुनं, पूर्णविरामाला कागद भोसकतं.
दिव्यासमोर धरली की
प्रत्येक नाकबूलपाशी, प्रत्येक कबूलपाशी
सारखाच एक बारीक उजेड येतो.