साफियेचा स

अंतेपच्या तांबट आळीत
माझ्या बापानं एक्कावन्न वर्षं हातोडा चालवला.
आळीच्या तोंडाशी आलेलं नवखं माणूस
आधी कानांवर हात ठेवतं,
मग भाव विचारतं, खुणेनं.

आम्ही पोरंही तिथं खुणेनंच बोलायचो.
दोन बोटं ओठांपाशी : भाकरी आणलीय.
तळहात छातीवर : आई बोलावतेय.
तळहात छातीवर दोनदा : आता निघाच.

कापूस घाला, आई म्हणायची, नाहीतर मेण घाला.
तो हसायचा.
ठोकून ठोकून तांबं कडक होतं,
आवाज कोरडा पडतो त्याचा,
मग त्याला विस्तव दाखवायचा.
ते मला कोण सांगणार? तुझा कापूस?

आता स गेलाय.
आधी स, मग श, मग फ.
पातळ अक्षरं पहिली जातात,
पत्र्याची कड झिजते तशी.
नात ओरडते, देदे, मी साफिये!
त्याच्यापर्यंत पोचतं
काटे काढलेल्या माशासारखं नाव, आ आणि इये.
तो हसून मान हलवतो. हो, हो.
हो म्हणणाऱ्यानं ऐकलेलं असतंच असं नाही
हे कळायला मला फार वर्षं लागली.

सरकारी दवाखान्यात काचेची खोली.
आवाज आला की बटण दाबा, ओक्केश उस्ता.
बाईनं यंत्र लावायच्या आधीच
तो दाबत सुटला.
एकदा. परत. परत.
काचेपलीकडून ती बोट हलवते,
अजून नाही आजोबा, अजून काहीच नाही.
आणि हा घामाघूम, शपथेवर सांगतोय :
वाजतेय. किटली वाजतेय.
कुणीतरी उतरवा ना ती.

डॉक्टरांनी कागद दाखवला.
रेघ बरी चाललेली,
चार हजारांच्या आकड्यापाशी
एकदम विहिरीत पडलेली.
विहिरीत काय काय बुडालं ते कागदावर नव्हतं :
रातकिडे,
चहाच्या पेल्यातला चमचा,
शेवटच्या आठवड्यात आई जे कुजबुजली ते.

मग दंडाला पट्टा बांधला.
आकडा बघून परत बांधला.
कान दमतात, डॉक्टर म्हणाले, अंग दमत नाही.
ते प्रत्येक ठोक्याला दचकत राहतं, वर्षानुवर्षं,
आणि त्या दचकण्याची उधारी
काळजाच्या वहीत चढत जाते.
बापानं मान हलवली. हो, हो.

घरी टीव्ही एवढा मोठा
की वरच्या मजल्यावरच्या नाजिये हानिम
रात्री जमिनीवर झाडू आपटतात.
त्यांना आता झोपेची गोळी लागते.
आळीतला आवाज असा जिना चढून वर गेला.
तो झाडू मात्र याला ऐकू येतो.
कोण ठोकतंय, विचारतो,
आणि चेहरा उजळतो त्याचा.

परवा साफिये
जुन्या कढईत डोकं घालून बडबडत होती.
कढईच्या काठावर त्याचा हात होता.
तो थांबला. डोळे मिटले. बोटं पसरली.
हिला विस्तव पाहिजे, म्हणाला.
कढईला म्हणाला की पोरीला,
विचारायचं राहून गेलं.

दुकान आता हमूद बघतो, हलबहून आलेला पोरगा.
मी त्याला कानांवर घालायची नारिंगी झाकणं आणून दिली,
चांगल्यातली, दोन दुकानं फिरून.
एक कान झाकतो. दुसरं झाकण मागे सरकवलेलं.
हे काय, मी खुणेनं विचारते.
तो तांब्याकडे बोट करतो,
मग उघड्या कानाकडे,
मग तळहात छातीवर ठेवतो, कुणास ठाऊक का,
आमची खूण त्याला कुणी शिकवली असेल.

दारातल्या स्टुलावर माझा बाप
उन्हात बसून मान हलवतोय.
हो, हो.