चाचणीआधीच सुटलेले

रबाळे एमआयडीसी, पत्र्याच्या शेडमागची खोली.
सकाळच्या पाळीत मी सळई तोडली,
मग निळ्या पाइपाचा तुकडा,
मग कुणाच्या तरी लिफ्टचा दोर.
यंत्राला काय, जबड्यात द्याल ते ओढतं.

दुपारी नेरुळहून डॉक्टर हुमैरा परकार आल्या
मांडीवर स्टीलचा डबा सांभाळत, जेवणाचा वाटावा असा.
झाकण काढलं तर ओव्याचा वास.
"थायमॉल," म्हणाल्या, "दात कुजू नयेत म्हणून."
ओल्या कापसावर साठ दात,
गुलाबी ठोकळ्यांत मानेपर्यंत रोवलेले,
प्रत्येकाच्या अंगाला पांढऱ्या मसाल्याचं एकेक बुटकं नळकांडं.

क, ख, ग. तीन बाटल्यांचे तीन गट.
पाच अंशांच्या पाण्यात, मग पंचावन्नच्या,
असं पाचशे वेळा बुडवलेत म्हणे.
बर्फाचा गोळा आणि चहा,
बर्फाचा गोळा आणि चहा.

मी विचारलं, चिकटवता कसं?
आधी पंधरा सेकंद आम्ल. मग धुवायचं.
पण सगळं सुकवायचं नाही हं, मढवी,
फार कोरडं केलं तर धरत नाही.

माझा बाप गवंडी. घणसोलीतली निम्मी घरं त्याच्या हातची.
वीट आधी भिजवायचा,
आणि घाई करणाऱ्या पोराला थापीच्या दांड्याने ठोसायचा.
हे मी बोललो नाही. पातं लावलं
बरोब्बर जोडाच्या रेघेवर.

मिनिटाला अर्धा मिलिमीटर.
इतकं हळू, की पंखाच मोठ्याने बोलायला लागतो.
मग टक्.
अठरा पूर्णांक दोन.
टक्. एकवीस.
टक्. चौदा, आणि मॅडमची भुवई.

ख-तेवीस तुटायला तयार नव्हता.
आकडा चढत गेला, चढत गेला,
आणि जोड राहिला जागच्या जागी,
दातच मधून गेला.
मॅडम खूश. सूक्ष्मदर्शकाखाली धरून लिहिलं: दातातच भंग.
मी तुकडा उचलला. मुळाशी काळी रेघ,
मिश्रीची. पॉलिशच्या कागदाला ती सापडली नव्हती.
तुर्भ्याच्या खाणीकडची असेल कुणी,
मोफत शिबिराच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसलेली.
तिला काय माहीत, तिचं नाव ख-तेवीस.

संध्याकाळी उरले सत्तावन्न आकडे.
तीन ठोकळे डब्यातच.
गटातले तिघे, साच्यातून काढतानाच
नळकांडं हातात आलं होतं.
सर म्हणतात, गाळून टाक,
यंत्रावर चढलेच नाहीत ते, त्यांची ताकद कुठून आणणार?
गाळले तर ग-ची सरासरी एकोणीस.
शून्य धरली तर सोळा.
बाटली फुकट आली होती. कंपनीने दिलेली.

"तुम्ही काय केलं असतं?"
अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, सळई पकडीत घेतानाच वेल्ड उघडला
तर आम्ही तसं लिहितो.
मग पार्टी चिडते, आणि पुढचा माल महापेच्या लॅबला जातो.

मॅडम हसल्या नाहीत.
तिघांना तळहातावर घेऊन नुसत्या बसल्या,
बिस्किटाचा पुडा उघडलाच नाही.

रात्री जवळ्याची चटणी चावताना
उजवीकडची दाढ जिभेने चाचपली,
मागच्या शिमग्यात ऐरोलीत भरून घेतलेली.
कुठल्या बाटलीतलं, विचारायचं राहिलं होतं.

सकाळी रिपोर्ट छापला. सत्तावन्न ओळी, स्वच्छ.
खाली समासात पेनाने मी लिहिलं:
तीन नमुने यंत्रावर येण्याआधीच सुटले.
सही केली.
शिक्का मारला, आणि शाई संपत आलेली,
नेमका तिथेच पुसट उठला.
पुन्हा मारला.