तोंड कुणीकडे

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहते आहे विकून.

मार्सी डुबेकनं मजकूर लिहून आणला :
तीन बेडरूम, दीड बाथरूम, पुढून वीट, मागून पत्रा,
छप्पर सहा वर्षांचं.
तळघरात दुसरं स्वयंपाकघर आहे, चूल, मोरी, सगळं,
वरचं पाहुण्यांना दाखवायला आणि खालचं रांधायला,
तिनं त्याला 'अतिरिक्त जागा' म्हटलं.
शाळा चालत सात मिनिटं, दहापैकी सहा गुण.
ग्रंथालय. बसथांबा. कुत्र्यांचं मैदान.
इस्पितळ गाडीनं नऊ मिनिटं.
मी मोजलीत ती.
एकदा सव्वासहाच लागली,
डॅरिल मागच्या सीटवर आडवा
आणि सगळे सिग्नल हिरवे.
तरी उपयोग झाला नाही.

शांत वस्ती, असंही आहे त्यात.
पहाटे चारला बर्फ ढकलणारा ट्रक येतो
आणि दर दोन-तीन हिवाळ्यांत कुणाची तरी टपालपेटी पाडून जातो.
ईस्टरच्या आधीचे सगळे शुक्रवार
चर्चच्या तळघरात कांदा परततात,
गल्लीभर पडद्यांना वास चिकटतो.
वास लिहीत नाहीत, मार्सी म्हणाली.

विक्रीचा इतिहास मात्र लिहितात :
१९५६. चौदा हजार दोनशे. स्टीफन ह्रिन्को, पोलाद कारखाना.
१९८३. एक्केचाळीस हजार. विकणार : ओल्गा ह्रिन्को, विधवा.
१९९८. अठ्ठ्याऐंशी.
२००४. एक लाख सव्वीस. घेणार : ओयोला, पती-पत्नी.
२००९. एकोणचाळीस हजार. विकणार : बँक.
घेणार : मी.

एक लाख सव्वीस आणि एकोणचाळीस यांच्यामध्ये
कागदावर नुसती एक रेघ आहे.
तेव्हा मी विचारलं नाही.
स्वस्त होतं.

दोन महिने झाले, भाव दोनदा उतरवला,
तेव्हा समोरच्या मिसेस साबो आल्या, वय एक्क्याऐंशी,
लोकरी मोज्यात घालून एक प्लास्टिकचा संत जोसेफ घेऊन.
सुतारच तो, घरांचं त्यालाच कळतं.
पाटीच्या खांबाशी पूर. डोकं खाली, तोंड घराकडे.
विकलं गेलं की उकरून काढ, नव्या घरी ने.
नाहीतर,
नाहीतर काय, ते त्यांना आठवेना.

मी देवभोळी नाही. पण खोरं हाताशी होतं.

वीतभर खाली टणत्कार झाला.
पावाच्या पिशवीत गुंडाळलेला एक निघाला, प्लास्टरचा, नाक झिजलेला.
त्याच्याजवळ दुसरा, प्लास्टिकचा.
दोघंही उलटे, दोघांचं तोंड घराकडे,
दोघांनाही विसरून लोक नव्या घरी निघून गेलेले.
तिसरा थोडा लांब, गुंडाळलेला नाही,
आणि तोंड
रस्त्याकडे.

हा चुकला, मी म्हटलं.

मिसेस साबो खुर्चीवर बसल्या,
गुडघ्यावरची माती पुसत राहिल्या. माती नव्हती तिथे.
चुकला नाही, म्हणाल्या. ओयोलाबाईनं पुरला,
पाटी बँकेनं लावली त्या रात्री. मी बॅटरी धरली होती.
त्यांना विकायचं नव्हतं ना.
अकरा महिने एक माणूस फिरकला नाही गं.
मग तू आलीस.

सरोवराकडून वारा सुटला होता, बोचरा.
मी तिघांना तळघरातल्या मोरीत धुतलं,
भांड्यांच्या साबणानं.
खिडकीत वाळत ठेवलं.

मोज्यातला चौथा हातात.
घराकडे करावं तर तिसरा आठवतो,
रस्त्याकडे करावं तर हप्ते आठवतात.
शेवटी अंधार पडल्यावर पुरला.
डोकं खाली, तोंड साबोंच्या दिव्याकडे.
त्या कुठे जाणार आहेत आता.

मंगळवारी एक जोडपं आलं, तिचे दिवस भरत आलेले,
त्यानं फ्रिजची जागा टेपनं मोजली, दोनदा.
शेजार कसा आहे, तिनं विचारलं.

दुकान पाच मिनिटांवर आहे, मी म्हटलं.
शाळा सात.