उजवीकडे जायचं तर

हामामात्सु. बंद पडलेल्या बोलिंग हॉलमागचं पार्किंग,
जानेवारीतला रविवार, सकाळचे सात.
डोंगराकडून कोरडा वारा सुटलाय
आणि कानोहा, तुझ्या हातातला रिमोट थरथरतोय
तो थंडीने, असं आपण धरून चालू.

आधी हिला उचल. वजन बघ.
एवढीशी मोटारसायकल, पाव कलिंगडाइतकी जड,
वर प्लास्टिकचा स्वार,
गुडघा घासून घासून पांढरा पडलेला.
त्याला मी नाव ठेवलेलं नाही.
नाव दिलं की पडू देववत नाही.

आता पुढचं चाक हलव.
सैल आहे ना? "बिघडलंय," म्हणालीस.
बॉलपेनात असते तशी एक स्प्रिंग आहे मध्ये.
सर्वो मोटर चाकाला हुकूम सोडत नाही,
नुसती कोपरखळी मारते,
पुढचं चाक आपलं आपण बघतं.
पहिल्या महिन्यात मी स्क्रू आवळून बघितले होते, गच्च.
दहा फूट गेली. मग आडवी.

फोर्क तिरका आहे, त्याची रेघ जमिनीपर्यंत ओढ मनात,
ती जिथे टेकेल त्याच्या जरासं मागे चाक टेकतं.
हॉस्पिटलातल्या खाटेची चाकं आठव,
ढकलशील तिकडे निमूट मागून येतात.
(मी होतो त्या खाटेवर. छत गरगरत होतं,
चाकं मात्र सरळ चालली होती.)

मागच्या चाकात गुणगुणते ती पितळेची चकती.
चाकाच्या पोटात चाक,
बाहेरच्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरणारं.
तिच्यामुळे तोल लगेच जात नाही.
एकदा हौसेने मी जड चकती बसवली,
तर गाडी अशी ताठली की वळेचना,
मान न वाकवता थेट कुंपणात,
आमच्या सेक्शन चीफसारखी.

आता नीट ऐक.
उजवीकडे जायचं तर आधी डावीकडे.
तू रिमोटचं चाक उजवीकडे फिरवशील,
आत जोडणी उलटी केलेली आहे:
हँडल क्षणभर डावीकडे जाईल,
चाकं खालून डावीकडे निसटतील,
वरचं सगळं उजवीकडे कलंडायला लागेल,
आणि पडता पडता हँडल स्वतःच उजवीकडे वळून
त्या पडण्याला खांदा देईल.
तेवढंच वळण असतं.

एकतीस वर्षं कंपनीच्या गाड्या चाचणीला नेल्या मी,
ओल्या डांबरावर, वाळूवर, ताशी दोनशेने,
आणि हे उलटं ढकलणं आपण करतो
हे मला ठाऊकच नव्हतं.
हातांना होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही.
डाव्या कानातलं पाणी बिघडलं तेव्हा कळलं,
आत कुणीतरी रात्रंदिवस सांभाळत बसलं होतं.
ते उठून गेलं.
आता मोजे घालायला मला भिंत लागते.
ओकुयामा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुचाकी विसरा.
म्हणून ही घडीची खुर्ची.
म्हणून पाचात एक मापाची ही गाडी.

सोड. हळू नको, हळू गेली तर

पडली.

धावू नकोस!
दोन्ही बाजूंना तारेच्या मिशा लावल्यात त्या कशाला?
तिथूनच गॅस दे. थोडा.
मागचं चाक डांबर खरवडेल, गाडी जागच्या जागी घसपटत फिरेल,
थांब, अजून थोडा...
बघ. कोणी हात लावला?

आता त्या दिव्याच्या खांबाला वळसा.
उजवीकडे. अंगठा नाही, बोट.
गेली डावीकडे एक केसभर,
आणि कलली,
आणि स्वाराचा पांढरा गुडघा जमिनीला लागला, खर्रर्र,
आणि मीही कललो खुर्चीत, उजवीकडे,
खुर्चीचा एक पाय उचलला गेला,
वारा कानात, दोन्ही कानांत.

मागे वळून बघू नकोस, कानोहा.
खांब येतोय परत.